प्रागमध्ये मित्रांसोबत एक दिवस बिअरचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की निरोप सुरू होतात. "मे महिन्यात प्रागला येतोय, पाच मित्र आहोत, एक अख्खा दिवस बिअरसाठी राखून ठेवलाय, कुठे कुठे जायचं?" म्लादा बोलेस्लावला स्कोडाच्या कामासाठी आलेले चाकण-संभाजीनगरचे इंजिनिअर शनिवारी प्रागला येतात, त्यांचेही प्रश्न बहुतेक हेच. मी बरीच वर्षं इथे राहतो आणि असे दिवस मित्रांसोबत पुष्कळ काढले आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाव बदलतील, बाकीचं सहसा बदलत नाही.

१. चेक बिअरचं एवढं कौतुक का? आपल्याकडे मिळते ती लागरच असते ना?

लागरच (गारव्यात संथ आंबवून मुरवलेली बिअर), पण आपल्याकडची सोनेरी बिअर ही इथल्या बिअरची दूरची नात. प्राग आणि जर्मनीची सरहद्द यांच्यामध्ये प्ल्झेन नावाचं शहर आहे. १८३८ मध्ये तिथली बिअर इतकी बिघडली होती की नगरभवनासमोर ३६ पिंपं ओतून देण्यात आली. मग गावकऱ्यांनी मिळून स्वतःचा नवा कारखाना बांधला आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर बोलावला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने तिथली पहिली बिअर शिजवायला घेतली. प्ल्झेनचं अतिशय मृदू पाणी, फिकट भाजलेलं जव आणि झातेत्स गावचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) यांतून स्वच्छ, सोनेरी, कडसर बिअर निघाली. 'पिल्सनर' म्हणजे नुसतं 'प्ल्झेनची'. पुढे जगभर तिची नक्कल झाली.

फरक चवीत कळतो. बऱ्याच देशांतल्या स्वस्त लागरमध्ये जवासोबत तांदूळ किंवा मका घालतात, त्याने बिअर पातळ होते. इथल्या चांगल्या लागरमध्ये धान्य म्हणजे फक्त जव. शिजवताना जवाच्या लगद्यातला काही भाग वेगळा काढून उकळतात आणि परत मूळ भांड्यात ओततात. त्यामुळे भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव येते आणि बिअर जरा दाट लागते. झातेत्सच्या हॉप्सचा कडूपणा जिभेवर रेंगाळतो, पण बोचत नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने झातेत्स आणि भोवतालचा हॉप्सचा मुलूख जागतिक वारसा यादीत घेतला.

२. पाटीवर १०°, ११°, १२° लिहिलेलं असतं. ते अल्कोहोलचं प्रमाण आहे का?

नाही, आणि हे वाचून घाबरणारे दर वर्षी भेटतात. आंबवण्याआधी जवाच्या काढ्यात किती साखर आणि इतर अर्क विरघळलेला आहे त्याचा हा आकडा. एकोणिसाव्या शतकात प्रागच्याच कार्ल बालिंग या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजणी बसवली. ढोबळमानाने १०° म्हणजे ४ टक्के अल्कोहोल, १२° म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास. प्ल्झेनच्या त्या कारखान्याची पिल्सनर उर्क्वेल १२° ची असूनही ४.४ टक्केच आहे, कारण तिच्यातली थोडी साखर न आंबवता तशीच राहते. तिचा गोडवा तिथून येतो.

इथे लोक ब्रँडच्या आधी आकडा सांगतात: 'देसीत्का' म्हणजे दहाची, 'येदेनात्स्त्का' अकराची, 'द्वानात्स्त्का' बाराची. दुपारी दहाची, संध्याकाळी बाराची, हा इथल्या जुन्या माणसांचा क्रम मला पटलेला आहे.

३. एका दिवसात किती पब करता येतील? आम्ही दहाची यादी काढली आहे.

पाच. दहाची यादी फाडून टाका असं मी कळकळीने सांगतो.

आधी हिशोब. अर्धा लिटर उर्क्वेलमध्ये २२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १३ मिली. म्हणजे एक मोठा ग्लास हा जवळजवळ पावणेदोन छोटे पेग झाला आणि पाच मोठे ग्लास म्हणजे साडेआठ. ०.३ लिटरचा छोटा ग्लास मात्र बरोबर एका छोट्या पेगाइतका. 'बिअरच तर आहे' म्हणत दहा ठिकाणी अर्धा-अर्धा लिटर घेणाऱ्याला शेवटच्या पाच ठिकाणांची चव कळतच नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इथला पब म्हणजे 'होस्पोदा', आणि तो बसायची जागा आहे. एका ठिकाणी तासभर बसलात तर शेजारचे आजोबा बोलायला लागतात, वाढप्याला तुमचा चेहरा कळतो, नळावरच्या माणसाचा हात पाहायला मिळतो. वीस मिनिटांत उठलात तर फक्त भिंती बघून आलात.

४. सगळीकडे तीच पिल्सनर उर्क्वेल मिळते. मग पब बदलायचे कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याशी मी नेहमी जास्त वेळ बोलतो, कारण सगळा दिवस यावरच उभा आहे.

इथे एक म्हण आहे: बिअर शिजवतो कारागीर, पण घडवतो ती पबवाला. कारखान्यातून एकच बिअर निघते. ती तळघरात किती थंड ठेवली, नळापर्यंतची नळी किती वेळा धुतली, ग्लास कशाने विसळला, पिंप उघडल्यावर किती तासांत संपलं, यावर तुमच्या हातातला ग्लास ठरतो. ज्या पबमध्ये दिवसभर गिऱ्हाईक आहे तिथे पिंप शिळं व्हायला वेळच मिळत नाही. नळावर उभा असतो त्याला 'वीचेप्नी' म्हणतात. चांगला वीचेप्नी ग्लास गार पाण्यात बुडवून काढतो, नळाचं तोंड तळाशी टेकवतो, आधी ओला, दाट फेस सोडतो आणि मग त्या फेसाखालून बिअर भरतो. एका दमात. वर चमच्याने काही सारवायची गरज पडत नाही.

म्हणून आमच्या गटात एक प्रयोग ठरलेला आहे: एकाच दिवसात दोन वेगळ्या पबांत तीच उर्क्वेल, तोच ग्लास, तीच पद्धत. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा माझा पुण्याचा मित्र, जो बाटलीतली बिअर पिऊन कंटाळलेला होता, दुसऱ्या ठिकाणी पहिल्या घोटानंतर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ही ती नाहीच." होती तीच. तुम्ही ब्रँड बदलायला फिरत नाही, हात बदलायला फिरता. हे ध्यानात ठेवलं की यादी आपोआप छोटी होते.

५. ह्लादिन्का, श्नित, म्लीको… हे काय प्रकार आहेत? मागायचं काय?

एकाच नळातून एकच बिअर ओतायच्या या वेगवेगळ्या रीती आहेत.

'ह्लादिन्का' ही नेहमीची. वर तीन बोटं दाट फेस, खाली बिअर. काही न सांगता हीच येते.

'श्नित' मोठ्या ग्लासातच येते, पण ग्लास पूर्ण भरत नाहीत: थोडी बिअर, तिच्याहून जाड फेस, वर थोडी रिकामी जागा. 'आता निघायचं आहे, पण एक घोट आणखी' असं वाटतं तेव्हाची ही बिअर. दिवसभर फिरणाऱ्यांसाठी मला ही सर्वांत शहाणी निवड वाटते.

'म्लीको' म्हणजे दूध. ग्लास जवळजवळ पूर्ण फेसाचा, पांढराशुभ्र. दोन-तीन मोठ्या घोटांत, फेस बसायच्या आत संपवायचा. चव गोडसर, साईसारखी. जेवणानंतर एकदा जरूर घ्या. मात्र प्रत्येक पबमध्ये मागू नका. नळावर जाणकार माणूस नसेल तर मोठ्या बुडबुड्यांचा कोरडा फेस मिळतो आणि मजा जाते.

६. एवढा फेस म्हणजे फसवणूक नाही का? परत भरून मागावा का?

मागू नका. ग्लासवर ०.५ ची रेघ असते. फेस बसल्यावर बिअर त्या रेघेला आली पाहिजे, एवढं बघा. तिथपर्यंत येत नसेल तर शांतपणे दाखवा, भरून देतात.

फेस हे बिअरचं झाकण आहे. तो हवा आत येऊ देत नाही, वास धरून ठेवतो, कडूपणा मऊ करतो. स्वच्छ ग्लासातून पिताना प्रत्येक घोटानंतर आतल्या बाजूला फेसाचं एक कडं उरतं. कडी नीट उमटली असतील तर ग्लास नीट धुतलेला आहे. कुठल्याही नव्या पबमध्ये मी सगळ्यात आधी हेच बघतो.

७. एक ठरलेला मार्ग सांगा. सकाळी निघून रात्री हॉटेलवर परत यायचं आहे.

हा मार्ग वरून खाली उतरतो. चढ नाही, आणि मधलं चालणं दोन बिअरच्या मध्ये उसंत देतं.

सकाळी भरपूर नाश्ता करून २२ नंबरच्या ट्रामने पोहोर्झेलेत्सला उतरा. शेजारीच स्त्राहोवचा मठ आहे, ११४३ मध्ये स्थापन झालेला. मठाच्या आवारातल्या पबमध्ये तिथेच शिजवलेली 'सेंट नॉर्बर्ट' नावाची बिअर मिळते. गडद आणि तांबूस अशा दोन तरी असतात. पहिली बिअर इथे घ्यायची कारण ती दुसरीकडे सहजी मिळत नाही आणि सकाळी जीभ ताजी असते. मठाचं ग्रंथालय बघायचं असेल तर ते आधी बघा, पुस्तकांना शांत डोकं लागतं.

तिथून पाच-सात मिनिटांवर लोरेता चौकात 'उ चेर्नेहो वोला', म्हणजे 'काळ्या बैलाकडे'. किल्ल्याच्या एवढ्या जवळ असूनही हा पब शेजारच्या लोकांचा राहिला आहे. लांब लाकडी बाकं, मोजकेच पदार्थ. इथे 'कोझेल' घ्या. कोझेल म्हणजे बोकड, त्यामुळे बैलाकडे बसून बोकड पिण्याचा योग येतो. गर्दी असेल तर प्र. ८ पाहा.

मग किल्ल्यावरून नेरुदोवा रस्त्याने खाली उतरा. कार्ल पुलाच्या अलीकडे, मिशेन्स्का गल्लीत 'लोकाल उ बीले कुझेल्की' आहे. जेवण इथे, टाकीतली उर्क्वेलही इथे (प्र. १५). प्र. ४ मधल्या प्रयोगाचा पहिला ग्लास हा.

पूल ओलांडून हुसोवा रस्त्यावर 'उ झ्लातेहो तिग्रा', 'सोनेरी वाघाकडे'. दार दुपारी ३ ला उघडतं आणि त्याआधी बाहेर माणसं उभी असतात. पावणेतीनला पोहोचा. लेखक बोहुमिल ह्राबाल यांची ही नेहमीची जागा. स्वतः बिअर कारखान्याच्या आवारात, निंबुर्कला वाढलेला हा माणूस. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी बिल क्लिंटन यांना इथेच आणलं आणि ह्राबालही टेबलावर होते. हावेल यांनी स्वतः १९७४ मध्ये त्रुत्नोवच्या बिअर कारखान्यात मजुरी केली होती, तेव्हा पाहुण्याला कुठे न्यायचं हे त्यांना सांगावं लागलं नसणार. प्रयोगाचा दुसरा ग्लास इथे. आवाज मोठा, जागा अडचणीची, आणि माझ्या मते उर्क्वेल कशी असावी हे शिकायला याहून चांगली जागा शहरात नाही.

यानंतर दोन तास काहीही पिऊ नका. नदीकाठी बसा, पाणी प्या, खोलीवर जाऊन आंघोळ केली तरी चालेल. संध्याकाळी कार्लीन भागात 'द्वा कोहोउती', 'दोन कोंबडे', हा अंगणातला पब-कारखाना. इथे तरुण मंडळी असतात, बिअर तिथलीच ताजी, आणि काउंटरवरून स्वतः आणायची. दिवसभर जुन्या लाकडात बसल्यावर मोकळं अंगण बरं वाटतं.

८. टेबलं रिकामी दिसतात, तरी बसू देत नाहीत. आपण बाहेरचे म्हणून का?

बहुतेक वेळा तसं नसतं. टेबलावर छोटी पाटी किंवा कागद असेल तर ते टेबल राखलेलं आहे. नेहमी येणाऱ्यांना 'श्तामगास्त' म्हणतात, आणि काही टेबलं वर्षानुवर्षं त्यांची असतात. गुरुवारी सहाला येणारे चार जण दर गुरुवारी सहाला येतात. मात्र "पाच वाजेपर्यंत बसतो" असं सांगितलंत तर बऱ्याचदा होकार मिळतो.

उलट, अर्धं भरलेलं लांब टेबल दिसलं तर उभं राहू नका. जवळ जाऊन "ये तू वोल्नो?", म्हणजे "इथे रिकामं आहे का?" विचारा आणि मान हलली की बसा. अनोळखी लोकांच्या टेबलावर बसणं ही इथली रीतच आहे. बसताना "दोब्री देन", उठताना "ना स्ख्लेदानोउ" म्हणा. सहापेक्षा जास्त जण असाल तर आधी फोन करून जागा राखा, नाहीतर दोन गटांत बसायची तयारी ठेवा.

९. काही न मागता दुसरी बिअर आली. हे काय?

ग्लास संपत आला की वाढपी "येश्ते येद्नो?" विचारतो, "आणखी एक?" काही जुन्या ठिकाणी विचारतही नाही, आणून ठेवतो. नको असेल तर वेळेवर सांगा, किंवा ग्लासवर जाड कागदाची चकती ठेवा. ती खूण सगळीकडे कळते. नुसता रिकामा ग्लास समोर ठेवून गप्प बसणं म्हणजे होकारच.

टेबलावर कागदाची एक पट्टी असते. प्रत्येक ग्लासागणिक वाढपी तिच्यावर रेघ मारतो. तेच तुमचं बिल. तिच्यावर काही लिहू नका, हरवू नका, खेळ म्हणून खिशात घालू नका.

पर्यटकांनी भरलेल्या एका ठिकाणी आमच्या टेबलावर छोट्या ग्लासांतली कडू-गोड दारू "स्वागत" म्हणून आली आणि नंतर बिलात निघाली. असा ट्रे समोर आला तर हसून "ने, द्येकुयी" म्हणा, "नको, धन्यवाद". ती दारू बहुधा बेखेरोव्का असते. ती वाईट नाही, पण ती घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं.

१०. खर्च किती येतो? टिप द्यायची का? प्रत्येकाचं वेगळं बिल करतात का?

चांगल्या साध्या पबमध्ये अर्धा लिटर साधारण ६० ते ८० कोरुना. एका कोरुनाचे चार रुपये धरा. मोठ्या चौकातल्या खुर्च्यांवर हाच भाव शंभराच्या वर जातो.

"झाप्लातीम, प्रोसीम" म्हटलं की वाढपी पट्टी घेऊन बेरीज करतो आणि विचारतो, एकत्र की वेगवेगळं. वेगळं देता येतं, पण प्रत्येकाने आपण काय घेतलं ते लक्षात ठेवायचं. टिप म्हणजे रक्कम वरच्या सोयीच्या आकड्याला नेणं, जास्तीत जास्त दहा टक्के. बिल ३६५ झालं तर नोट देताना "४००" असं तोंडाने सांगायचं. टेबलावर सुट्टे ठेवून निघून जायची पद्धत इथे नाही. थोडी रोख जवळ ठेवा, जुन्या पबांत अजून लागते. युरो नव्हे, कोरुना. रस्त्यावर पैसे बदलून देतो म्हणणाऱ्याकडून कधीही घेऊ नका.

११. गटात शाकाहारी आहेत. बिअरसोबत काय खायचं?

उपाशी राहणार नाहीत, पण विचारून घ्यावं लागेल.

'नाक्लादानी हेर्मेलीन' ही माझी पहिली शिफारस: मऊ, पांढऱ्या सालीचं चीज कांदा, मिरची, मसाल्यासोबत तेलात मुरवलेलं. आपल्या लोणच्याची सवय असलेल्या जिभेला हे लगेच आवडतं. 'स्माझेनी सीर' म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज, बटाट्यासोबत. त्यात आणि त्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं. 'ब्रांबोराक' हे लसूण घातलेलं बटाट्याचं थालीपीठ. यातही अंडं असतं आणि काही ठिकाणी ते डुकराच्या चरबीत तळतात, म्हणून तेवढं विचाराच. अंडं, लसूण, कांदा काहीच चालत नसेल तर पाव, काकडीचं लोणचं आणि साधं चीज एवढ्यावर भागवावं लागेल. अशांनी दुपारचं जेवण भारतीय खाणावळीत करून मग गटाला गाठावं.

मांसाहारींना गुलाश सांगायची गरज नाही. 'उतोपेनेत्स' मात्र सांगतो: व्हिनेगरमध्ये मुरवलेला जाड सॉसेज, कांद्यासोबत. नावाचा अर्थ 'बुडालेला माणूस'.

१२. एक मित्र अजिबात पीत नाही. त्याने यावं का?

जरूर यावं. 'कोफोला' नावाचं इथलं पेय १९६० पासूनचं, कोलासारखं पण वनस्पतींच्या अर्काचं आणि कमी गोड. अनेक पबांत ते बिअरसारखं नळातूनच येतं आणि त्याच मोठ्या ग्लासात. 'बिरेल' ही अल्कोहोल नसलेली बिअर इतकी रुळलेली आहे की ती मागितल्यावर कोणी वळूनही बघत नाही. न पिणाऱ्याला आग्रह करायची पद्धत इथे मला कधी दिसली नाही. आपल्या गटांनीही ती इथे आणू नये.

१३. मला बिअर कडूच लागते. माझ्यासाठी काही आहे का?

गडद बिअर, 'त्माव्हे', घेऊन बघा. रंग काळा, पण चव भाजलेल्या पावाची आणि काकवीची, कडूपणा कमी. पिवळी आणि काळी एकाच ग्लासात मिळून येते तिला 'रझेझाने' म्हणतात, म्हणजे 'कापलेली'. गडद बिअर बायकांची असं काही ठिकाणी अजून ऐकू येतं. त्याकडे लक्ष देऊ नका. हीच बिअर मुद्दाम प्यायची असेल तर प्र. १४ पाहा.

१४. सगळे 'उ फ्लेकू'ला जा म्हणतात. तुमच्या मार्गात ते का नाही?

जागा मोठी आहे, मानाची आहे. १४९९ पासून तिथे बिअर शिजते आणि तिथली १३° ची गडद बिअर खरोखर उत्तम आहे. पण तिथे तीच एक मुख्य, गाणं-बजावणं आणि मोठे गट भरपूर, आणि माझ्या पाचांत तुलना करायला उर्क्वेलचे दोन ग्लास हवे होते. गडद बिअर आवडत असेल तर कार्लीनऐवजी संध्याकाळ इथे काढा. इतिहासच हवा असेल तर युंगमान चौकाजवळचं 'उ पिन्कासू' आहे: याकुब पिन्कास नावाच्या शिंप्याने १८४३ मध्ये प्रागला पहिल्यांदा प्ल्झेनची बिअर पाजली ती तिथे.

१५. 'टाकीतली', 'न गाळलेली' असं लिहिलेलं असतं. फरक काय?

'तांकोव्हे' म्हणजे टाकीतली. बाटलीतली आणि साध्या पिंपातली बिअर टिकावी म्हणून सहसा गरम करून जंतुमुक्त करतात. टाकीतली तशी करत नाहीत. कारखान्यातून थंडच येते, पबच्या टाकीत एका पिशवीत राहते आणि हवा पिशवीच्या बाहेरून दाबते, बिअरला शिवत नाही. लवकर संपवावी लागते, म्हणून ती गर्दीच्या पबातच परवडते. 'नेफिल्त्रोव्हाने' ही न गाळलेली, जरा गढूळ, यीस्टची चव राखलेली. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत: टाकीतली बिअर गाळलेली असू शकते.

१६. अमेरिकन बडवायझर आणि इथली बुद्वार एकच का?

नाही. चेस्के बुद्येयोवित्से शहराचं जर्मन नाव बुडवाइस, तिथली ती बुडवायझर. अमेरिकेतल्या कंपनीने हे नाव १८७६ पासून वापरलं, बुद्वार कारखाना १८९५ चा, पण त्या शहरात बिअर शिजत होती ती शतकानुशतकं. नावावरून दोघांचे अनेक देशांत खटले झाले. बुद्वार अजूनही चेक सरकारच्या मालकीची आहे. चव पूर्ण वेगळी, चाखून बघा.

१७. तिकीट काढून गाईडसोबतची 'पब क्रॉल' घ्यावी का?

घ्या असं मी सांगणार नाही. गटाने एका पबातून दुसऱ्या पबात नेणाऱ्या या फेरीत स्वस्त शॉट्स आणि मोठा आवाज मिळतो, बिअर कळत नाही. आणि जुन्या शहरात माणसं राहतात. रात्री १० नंतर रस्त्यावर शांतता पाळायची असते. रहिवाशांच्या त्रासामुळेच प्राग महापालिकेने २०२४ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत गाईडसोबतच्या संघटित पब-फेऱ्यांवर बंदी आणली. पाच मित्रांनी आपले आपण फिरायला काहीच हरकत नाही.

१८. वय, गाडी, सिगारेट, रस्त्यावर पिणं: नियम काय?

वय १८ पूर्ण, बिअर असो की दारू. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ आहे, त्यामुळे कॉलेजातली मुलं इथे गोंधळतात. ओळखपत्र जवळ ठेवा. गाडी चालवायची असेल तर प्रमाण शून्य, एक घोटही नाही. भाड्याची सायकलही त्या दिवशी घेऊ नका. पबच्या आत सिगारेट ३१ मे २०१७ पासून बंद आहे. शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर आणि चौकांत उघड्यावर पिणं मना आहे. मोकळ्या आकाशाखाली बसायचं असेल तर लेत्नाच्या टेकडीवरची बिअर-बाग गाठा: चेस्टनटची झाडं, लाकडी बाकं, खाली नदी आणि पूल. तिथे घरातली लहान मुलंही सोबत असतात.

१९. ग्लास टेकवताना काही रीत आहे का?

आहे, आणि ती मनापासून पाळतात. "ना झ्द्रावी" म्हणायचं, म्हणजे "आरोग्यासाठी". प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचं, एकमेकांचे हात ओलांडायचे नाहीत, आणि सगळ्यांचे ग्लास आल्याशिवाय पहिला घोट घ्यायचा नाही. उरलेली बिअर नव्या ग्लासात कधीही ओतू नका. ते बघून वाढप्याचा चेहरा उतरतो.

२०. त्याच दिवसात प्ल्झेनचा कारखानाही होईल का?

नाही, त्याला वेगळा दिवस द्या. प्रागच्या मुख्य स्थानकावरून रेल्वेने साधारण दीड तास. कारखान्याच्या थंड तळघरात ओकच्या पिंपातून थेट काढलेली, न गाळलेली उर्क्वेल देतात. प्र. १५ मध्ये जे लिहिलं ते तिथे एका ग्लासात कळतं. स्वेटर न्या, मे महिन्यातही.

२१. घरी बाटल्या नेता येतात का?

चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून, हो. भारतात उतरताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आहे आणि बिअरही त्यात मोजतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चारच बाटल्या. त्यामुळे विमानतळावर नेहमीची नावं घेण्यापेक्षा छोट्या कारखान्यांच्या दोन-तीन बाटल्या निवडा, आणि नेल्यावर फ्रीजमध्ये ठेवून लवकर प्या. हिरव्या बाटलीला उन्हात ठेवलंत तर तासाभरात वास बिघडतो.

२२. रात्री उशीर झाला, मेट्रो बंद. आता?

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, शुक्रवार-शनिवारी जरा उशिरा. त्यानंतर ९१ ते ९९ या रात्रीच्या ट्राम धावतात आणि त्या सगळ्या लाझार्स्का या थांब्यावर एकमेकींना भेटतात. वाट चुकली तर कुठलीही पकडून लाझार्स्काला या आणि तिथून आपली बदला. सकाळीच २४ तासांचं तिकीट काढून पहिल्या ट्राममध्ये शिक्का मारलेला असेल तर रात्रीही तेच चालतं. हॉटेलजवळच्या थांब्याचं नाव कागदावर लिहून गटातल्या प्रत्येकाच्या खिशात द्या. फोनची बॅटरी याच वेळी संपलेली असते.